उपग्रहाच्या आकड्यात जमिनीजवळचा ओझोन किती असतो?

आलेला प्रश्न थोडक्यात असा. प्रश्नकर्त्याने ट्रोपोमी या उपकरणाची एकूण ओझोनची रोजची माहिती उतरवून घेतली आणि एका शहरातल्या हवा-गुणवत्ता केंद्राच्या नोंदींशी ताडून पाहिली. पंधरवड्यात केंद्रावरचा दुपारचा ओझोन 40 पीपीबीवरून (हवेच्या दर अब्ज रेणूंमागे 40 रेणू) 90 पीपीबीपर्यंत चढला. उपग्रहाचा आकडा मात्र 270 ते 276 डॉबसन युनिटच्या (स्तंभातल्या ओझोनचे एकक) मधेच फिरत राहिला, तोही भलत्याच दिवशी वर-खाली होत. सहसंबंध जवळजवळ शून्य. आता विचारणा अशी की चूक कुठे झाली, आणि खालच्या वातावरणातला ओझोन उपग्रहावरून काढायची योग्य पद्धत कोणती.

चूक ना तुमची, ना उपग्रहाची. तुम्ही दोन वेगळ्या राशी एकमेकींसमोर ठेवल्या आहेत. केंद्र मोजते ते नाकासमोरच्या हवेतले प्रमाण. उपग्रहाचा आकडा म्हणजे जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतच्या उभ्या स्तंभातला सगळा ओझोन, आणि त्यातला सुमारे 90 टक्के स्थितांबरात, म्हणजे उंचावरच्या थरात, असतो. त्यामुळे खरा प्रश्न असा होतो: एवढ्या मोठ्या बेरजेतून तळाचा लहानसा हिस्सा वेगळा करता येतो का, आणि आला तर त्यावर किती भिस्त ठेवायची? उपग्रहांच्या वर्णपटांवरून ओझोनचे उभे वितरण (कोणत्या उंचीवर किती) काढायचे आणि ते फुग्यांच्या मोजणीशी ताडायचे, हे काम मी बरीच वर्षे करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमच्याच आकड्यांचा हिशेब करू. 1 डॉबसन युनिट म्हणजे दर चौरस सेंटिमीटरच्या स्तंभात सुमारे 2.69 × 10¹⁶ रेणू. जमिनीलगतच्या हवेत दर घन सेंटिमीटरला साधारण 2.5 × 10¹⁹ रेणू असतात. ओझोन 50 पीपीबीने वाढला, तर दर घन सेंटिमीटरला 1.25 × 10¹² रेणूंची भर पडली. ही वाढ एक किलोमीटर जाडीच्या थरात सारखी पसरली असे धरले, तर स्तंभात 1.25 × 10¹⁷ रेणू वाढले, म्हणजे जेमतेम 4.6 डॉबसन युनिट. केंद्रावर दुपटीहून जास्त झालेला ओझोन एकूण आकड्यात दोन टक्केसुद्धा भरत नाही. चांगल्या उपकरणांच्या एकूण ओझोनची अचूकता एक-दोन टक्क्यांचीच असते. शिवाय मध्य अक्षांशांत स्थितांबरातला ओझोन हवामानाबरोबर काही दिवसांत दहा-वीस युनिटांनी सहज हलतो. उष्ण कटिबंधात तो शांत असतो, तरी दोन-चार युनिटांचा चढउतार तिथेही असतोच. तुमचा संकेत या चढउतारात विरघळून गेला.

आणि हा हिशेबही उदार आहे, कारण ती 4.6 युनिटे उपग्रहाला पूर्ण दिसली असे आपण गृहीत धरले. ती तशी दिसत नाहीत. ट्रोपोमी, ओएमआय, गोम-2 ही उपकरणे परत येणारा अतिनील सूर्यप्रकाश मोजतात. 300 नॅनोमीटरच्या आतला प्रकाश स्थितांबरातच गिळला जातो, तपांबरापर्यंत, म्हणजे जमिनीलगतच्या सर्वांत खालच्या थरापर्यंत, तो पोहोचतच नाही. 310 ते 340 नॅनोमीटरच्या पट्ट्यात शोषण हळूहळू कमी होत जाते आणि प्रकाश खाली उतरू लागतो. पण तिथे दुसरी अडचण उभी राहते. हवेचे रेणू प्रकाश विखुरतात आणि हे विखुरणे तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. 320 नॅनोमीटरचा प्रकाश 640 नॅनोमीटरच्या प्रकाशापेक्षा सोळापट जास्त विखुरतो. परिणामी उपग्रहापर्यंत परत येणाऱ्या अतिनील प्रकाशातला मोठा भाग शेवटच्या एक-दोन किलोमीटरला न शिवता वरच्या वरच माघारी वळलेला असतो. त्यात बर्फ नसलेली जमीन अतिनील प्रकाशात काळपट असते, आलेल्या प्रकाशातला काही टक्केच परत फेकते. त्यामुळे तळापर्यंत जाऊन आलेल्या प्रकाशाचा वाटा आणखी घटतो.

ढग आले की तर खालचा थर झाकलाच जातो. पण माहिती-संचात ढगाळ पिक्सेललाही एकूण ओझोनचा आकडा असतो. तो कुठून येतो? ढगाच्या वरचा भाग मोजलेला असतो आणि ढगाखालचा भाग दीर्घकालीन सरासरीच्या कोष्टकातून भरलेला असतो. ही भर कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेली असते, पण आकडे थेट वापरणाऱ्याच्या ती ध्यानात येत नाही. तुम्ही ज्या थराचा शोध घेत आहात, नेमका तोच थर ढगाळ दिवशी कोष्टकातला असतो. म्हणून ढगांचे प्रमाण किती आणि गुणवत्ता-निर्देशांक किती, हे दोन रकाने पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग तपांबरातला ओझोन काढतात कसा? सर्वांत जुना मार्ग वजाबाकीचा. जॅक फिशमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात टॉम्सच्या एकूण ओझोनमधून सेज या दुसऱ्या उपकरणाने मोजलेला स्थितांबरातला ओझोन वजा केला आणि उरलेला हिस्सा तपांबराचा मानला. भरलेला ट्रक आणि रिकामा ट्रक वजनकाट्यावर चढवून मालाचे वजन काढावे, तसे हे आहे. फरक इतकाच की इथे माल ट्रकच्या मानाने फार हलका आहे. 270 युनिटांत 2 टक्के चूक झाली तर ती 5.4 युनिट होते. तपांबरात एकूण 30 युनिट असतील, तर तीच चूक तिथे 18 टक्के ठरते. तरीही या पद्धतीने मोठे काम केले. आफ्रिकेच्या पश्चिमेला दक्षिण अटलांटिक महासागरावर दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तपांबरात ओझोनचा मोठा फुगवटा दिसतो, आणि वणवे व शेतजमिनी जाळणे हे त्याचे एक प्रमुख कारण आहे, हे या नकाशांनी दाखवून दिले. जुलै 2004 मध्ये ऑरा उपग्रह गेला आणि एकाच यानावर ओएमआय व एमएलएस ही जोडी मिळाली: एक खाली पाहणारे, दुसरे क्षितिजाच्या कडेने वातावरण आडवे पाहणारे. तेव्हापासून वजाबाकी बरीच सुधारली. तपस्तब्धी, म्हणजे तपांबर आणि स्थितांबर यांच्यामधली सीमा, कुठे धरायची, हा प्रश्न मात्र कायम आहे. ती उष्ण कटिबंधात सोळा-सतरा किलोमीटरवर असते, ध्रुवांकडे आठ-नऊ किलोमीटरवर उतरते, आणि तिच्या लगत ओझोन इतका झपाट्याने बदलतो की तिची व्याख्या बदलली की तपांबराचा आकडाही बदलतो. दोन संस्थांचे नकाशे जुळत नसतील, तर मी सर्वांत आधी हेच तपासते.

उष्ण कटिबंधासाठी याच कुळातली ढगांची पद्धत आहे. प्रचंड उंच गडगडाटी ढगांच्या माथ्यावरचा ओझोन मोजायचा, तो स्थितांबराचा धरायचा आणि त्याच अक्षांशावरच्या निरभ्र भागातल्या आकड्यातून वजा करायचा. यात एकच उपकरण लागते, त्यामुळे दोन उपकरणांतला कायमचा फरक मधे येत नाही. मात्र स्थितांबरातला ओझोन एका अक्षांशावर सगळीकडे सारखा आहे, हे गृहीतक विषुववृत्तापासून वीसेक अंशांच्या पुढे टिकत नाही, आणि पुरेसे ढग मिळायला अनेक दिवसांची सरासरी घ्यावी लागते. एका शहराच्या एका दुपारीसाठी ती कामाची नाही.

दुसरा मार्ग उभ्या वितरणाचा, आणि तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे दडले आहे. वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश वेगवेगळ्या खोलीपर्यंत जातो, म्हणून वर्णपटात उंचीची माहिती असते. शिवाय 310 ते 340 नॅनोमीटरच्या पट्ट्यात ओझोनचे शोषण तापमानानुसार किंचित बदलते. तपांबराचा खालचा भाग उबदार असतो, स्थितांबराचा खालचा भाग थंड, त्यामुळे दोन्हीकडच्या ओझोनची खूण थोडी वेगळी उमटते. ही खूण पकडायला वर्णपटाचे गणित टक्क्याच्या काही दशांशांपर्यंत जुळावे लागते, म्हणून उपकरणाचे कॅलिब्रेशन जरा हलले तरी पहिला बळी तपांबराचा जातो.

अवरक्त उपकरणे, म्हणजे आयासी, क्रिस आणि पूर्वीचे टीईएस, 9.6 मायक्रोमीटरच्या पट्ट्यात पृथ्वीची स्वतःची उष्णता मोजतात. ती रात्रीही चालतात आणि मध्य तपांबर चांगले पाहतात. पण जमीन आणि तिला टेकलेली हवा एकाच तापमानाची असेल, तर त्या हवेतला ओझोन त्यांना जवळजवळ दिसत नाही. दुपारी तापलेल्या जमिनीवर स्थिती बरी असते, थंडीतल्या पहाटे वाईट. वाळवंटात वाळूतल्या क्वार्ट्झचे स्वतःचे गुणधर्म याच पट्ट्याच्या आसपास असल्याने तिथे विशेष काळजी घ्यावी लागते.

आता मुख्य मुद्दा. वर्णपटातली माहिती वीस-चाळीस थरांचा ओझोन ठरवायला पुरत नाही, म्हणून गणिताला आधीचा अंदाज द्यावा लागतो. हा अंदाज बहुधा फुग्यांच्या जुन्या मोजणीतून, अक्षांश आणि महिन्यानुसार, तयार केलेला असतो. वर्णपट जिथे बोलतो तिथे गणित वर्णपटाचे ऐकते. जिथे वर्णपट गप्प असतो तिथे अंदाजच छापून येतो. कुठे किती ऐकले, हे अ‍ॅव्हरेजिंग कर्नल नावाचे कोष्टक सांगते. ते प्रत्येक पिक्सेलबरोबर दिलेले असते, आणि अनेक जण ते उघडतच नाहीत.

एक काल्पनिक पिक्सेल घेऊ. जमिनीपासून 2 किलोमीटरपर्यंतच्या थरासाठी आधीचा अंदाज 30 पीपीबी आहे. खरा ओझोन त्या दिवशी 80 पीपीबी आहे, म्हणजे अंदाजापेक्षा 50 जास्त. त्या थराची स्वतःबाबतची संवेदनशीलता कर्नलमध्ये 0.2 दिली आहे. मग उपग्रह सांगेल 30 अधिक 50 चा पाचवा हिस्सा, म्हणजे 40 पीपीबी. आता समजा त्याच दिवशी 5 किलोमीटरच्या आसपास वरून उतरलेल्या कोरड्या, ओझोनयुक्त हवेमुळे तिथला ओझोन अंदाजापेक्षा 20 पीपीबीने जास्त आहे, आणि त्या थराचा खालच्या थरावरचा प्रभाव 0.3 आहे. आणखी 6 पीपीबी जोडले जातील आणि फाइलमध्ये 46 दिसेल. शहरात काहीच झाले नसते, तरी या वरच्या हवेपायी तिथे 36 दिसले असते. आकडा छापताना तो 0 ते 2 किलोमीटरचा म्हणूनच छापला जातो, पण त्यातली वाढ त्या थरातून आली की वरून झिरपली, हे नुसत्या आकड्यावरून कळायला मार्ग नाही.

दुसरी गोष्ट त्याहून फसवी आहे. आधीचा अंदाज महिन्यानुसार बदलतो. म्हणून संवेदनशीलता जवळजवळ शून्य असली, तरी खालच्या थराचा आकडा उन्हाळ्यात वाढतो, हिवाळ्यात घटतो आणि केंद्राच्या नोंदींशी छान जुळतो. तो मेळ हंगामाचा असतो, त्यात मोजणीचा वाटा फारच थोडा. माझ्याकडे असा आलेख घेऊन कुणी आले की मी आधी दुसरा आलेख काढायला सांगते: उपग्रहाच्या आकड्याच्या जागी फक्त आधीचा अंदाज ठेवा आणि केंद्राशी सहसंबंध पाहा. तो तितकाच चांगला आला, तर उपग्रहाने नवे काही सांगितलेले नाही. मग तिसरा आलेख काढा: उपग्रहाच्या आकड्यातून अंदाज वजा करा, केंद्राच्या नोंदींतून त्यांची मासिक सरासरी वजा करा, आणि हे दोन उरलेले भाग एकमेकांशी ताडा. इथे जे दिसेल ते वर्णपटातून आलेले.

एकूण किती स्वतंत्र माहिती मिळाली, हे डीएफएस या एका आकड्यात सांगतात. अतिनील पद्धतीत तपांबरासाठी तो चांगल्या परिस्थितीतही साधारण एकाच्या आसपास, बरेचदा त्याच्या खाली असतो. अवरक्तमध्ये तो एक ते दीड म्हणायला हरकत नाही. एक म्हणजे संपूर्ण तपांबरासाठी धड एक आकडा. फाइलमध्ये तपांबराचे सहा थर दिसले म्हणून सहा स्वतंत्र मोजण्या झाल्या असे होत नाही.

तळापर्यंत पोहोचायचे प्रयत्न आहेत आणि मला त्यांच्याबद्दल आशा वाटते. गोम-2 चा अतिनील आणि आयासीचा अवरक्त वर्णपट एकत्र सोडवला, तर संवेदनशीलता बरीच खाली, दोन-अडीच किलोमीटरच्या आसपास आणता येते. एप्रिल 2023 मध्ये उत्तर अमेरिकेवर भूस्थिर कक्षेत गेलेले टेम्पो हे उपकरण अतिनीलबरोबरच 540 ते 740 नॅनोमीटरचा दृश्य प्रकाशही मोजते. तिथे ओझोनचे शोषण दुबळे आहे, पण विखुरणे कमी असल्याने प्रकाश जमिनीपर्यंत जाऊन येतो. अडचण अशी की माती आणि वनस्पती यांचा रंगही त्याच पट्ट्यात हळुवार बदलतो, आणि ओझोनची दुबळी छाया त्यातून वेगळी काढणे कठीण असते. आशियावर फेब्रुवारी 2020 मध्ये गेलेले जेम्स हे तसेच उपकरण आहे. या दोघांमुळे दिवसाउजेडी तासातासाचा बदल दिसू लागला, आणि ओझोनसारख्या दुपारी फुगणाऱ्या वायूसाठी हे फार मोलाचे आहे.

इथपर्यंतचे सार इतकेच: एकूण ओझोन तुमच्या कामाचा नाही, वजाबाकी पूर्ण तपांबराचा आकडा देते, उभे वितरण तळाबद्दल थोडे सांगते आणि किती सांगते ते कर्नलमध्ये लिहिलेले असते. यापुढचे तुम्हाला काय हवे यावर अवलंबून आहे.

शहरातल्या लोकांच्या श्वासात किती ओझोन जातो हे हवे असेल, तर जमिनीवरची केंद्रे आणि रासायनिक प्रतिमान (हवेतल्या रसायनांचे संगणकावरचे गणित) हाच आधार ठेवा. उपग्रहाकडून तिथे ओझोनऐवजी नायट्रोजन डायऑक्साइड आणि फॉर्मल्डिहाइड घ्या. ओझोन ज्यांच्यापासून बनतो त्या वायूंचा माग हे दोघे देतात. नायट्रोजन डायऑक्साइडचे शहरांवरचे प्रमाण मुख्यतः खालच्या थरात असते आणि तो दृश्य प्रकाशात मोजता येतो, त्यामुळे उपग्रहाला तो कितीतरी चांगला दिसतो. वणव्यांचा धूर किंवा एका खंडातून दुसऱ्या खंडात वाहत जाणारा ओझोन हा विषय असेल, तर आयासी किंवा एकत्रित पद्धत उत्तम, कारण ही वाहतूक बरीचशी मध्य तपांबरातून होते. प्रतिमानात उपग्रहाची माहिती मिसळायची असेल, तर कर्नलसकट मिसळा.

दहा-वीस वर्षांचा कल काढायचा असेल, तर खूप जपून. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपांबरीय ओझोनच्या आंतरराष्ट्रीय आढाव्यात ओएमआयवर आधारलेले संच वाढ दाखवत होते आणि त्याच सुमाराच्या वर्षांत आयासीवर आधारलेले संच घट. दोघेही तपांबराचेच, पण प्रत्येकाची नजर वेगळ्या उंचीवर आणि प्रत्येकाचे कॅलिब्रेशन वेगळे. ओएमआयच्या दृष्टिक्षेत्राचा काही भाग 2007 पासून अडथळ्यामुळे बाधित झाला आणि 2009 नंतर तो बराच वाढला. तो बाधित भाग न गाळता काढलेला कल निरर्थक आहे. सरासरीने यादृच्छिक चूक घटते, पण उपकरण सावकाश सरकत असेल तर हजारो पिक्सेलांची सरासरीसुद्धा तेवढीच सरकते.

फुग्यांशी तुलना करताना एक खबरदारी. ओझोनसोंड, म्हणजे फुग्याला बांधलेले ओझोनमापक, तीसेक किलोमीटरपर्यंत दर शंभर-दीडशे मीटरला मोजणी देतो. रीत अशी की सोंडच्या वितरणातून आधीचा अंदाज वजा करायचा, उरलेल्यावर कर्नल लावायचे, अंदाज परत मिळवायचा आणि मग उपग्रहाशी ताडायचे. ही रीत बरोबर आहे. पण तिने गणित नीट चालले आहे का एवढेच कळते. तळाचा ओझोन उपग्रहाला खरोखर दिसतो का, हे पाहायला कर्नल न लावलेल्या सोंडशीही तुलना हवी, आणि शोधनिबंधात दोन्ही आकडे द्यावेत, असे माझे ठाम मत आहे. नुसती पहिली तुलना दाखवली की वाचणाऱ्याचा गैरसमज होतो.

आता तुमच्या कामापुरते. एकूण ओझोन बाजूला ठेवा आणि कर्नल देणारा उभ्या वितरणाचा संच घ्या. ढगांचे प्रमाण 0.2 च्या खाली असलेले पिक्सेलच ठेवा. ट्रोपोमीचे यान स्थानिक वेळेनुसार दुपारी दीडच्या सुमारास जाते, म्हणून केंद्राच्याही एक ते दोनच्याच नोंदी घ्या, दिवसाची सरासरी नको. दुपारी जमिनीलगतची हवा एक-दोन किलोमीटरपर्यंत ढवळलेली असते, त्यामुळे केंद्राचा आकडा त्या संपूर्ण थराला बऱ्यापैकी लागू पडतो. गोम-2 आणि आयासी वाहणारे मेटॉप यान सकाळी साडेनऊला जाते त्या वेळी ही हवा अजून पुरती ढवळलेली नसते, आणि तीच तुलना अधिक कच्ची ठरते.

केंद्र रस्त्याच्या कडेला असेल तर ते वगळा. वाहनांतून निघणारा नायट्रिक ऑक्साइड तिथला ओझोन लगेच खातो, आणि कित्येक किलोमीटरच्या पिक्सेलमध्ये ही स्थानिक घट दिसणार नाही. शहराबाहेरची, वाऱ्याच्या दिशेने पुढे असलेली दोन-तीन केंद्रे मिळाली तर त्यांची सरासरी घ्या. रोजच्याऐवजी महिन्याची सरासरी, आणि एका पिक्सेलऐवजी साधारण शंभर किलोमीटरचा चौकोन. एवढे झाले की वर सांगितलेला अंदाज वजा केलेला आलेख काढा. त्या पिक्सेलांच्या तळाच्या थराची संवेदनशीलता सरासरीने 0.1 च्या आसपासच निघाली, तर त्या संचाकडून शहराच्या ओझोनचे उत्तर मागू नका, प्रश्न 3 ते 6 किलोमीटरच्या थरापुरता बदलून घ्या. ती 0.3 च्या वर निघाली, तर पुढे बोलण्यासारखे बरेच आहे, आणि त्या वेळी कर्नलचे कोष्टकही सोबत द्या.